सिस्टरांच्या गाडीचा आजार

खोली भाड्यानं मागायला गेलो, तर बाईंनी मला आधी जीभ दाखवायला सांगितली.

मी खर्ड्याहून आलेला. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी नुकतीच लागलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गादीची वळकटी. दारात उभी असलेली बाई सत्तरीच्या पुढची, पांढरी सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून बांधलेलं. मला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली. "जीभ रे, जीभ," त्या पुन्हा म्हणाल्या. मी काढली. त्यांनी मला उजेडाकडं वळवलं, खालच्या पापण्या ओढून बघितल्या, नाडी धरली आणि निकाल दिला, "पोट साफ न्हाई तुझं. ठीक हाय. खोली मागल्या बाजूला हाय."

गाव कोणतं, जात कोणती, लग्न झालंय का, यातलं अक्षरही त्यांनी विचारलं नाही. मी पिशवी घेऊन मागं गेलो. भाडेकरू म्हणून गेलो की पेशंट म्हणून, हे तिथं राहिलो तितकी वर्षं मला काही नक्की उमगलं नाही.

सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नोकरी, लग्न केलं नाही, सख्ख्या भावाचा एक मुलगा तेवढा जवळचा. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ते दवाखान्याला कळलं होतं, सिस्टरांना नाही. रोज सकाळी त्या घराचा राउंड घ्यायच्या. नळ गळत असला तर "ब्लीडिंग हाय", मोरी तुंबली तर "दोन दिवस झालं हिला झालेलं न्हाई". घरातली कुठलीही वस्तू बिघडली असं म्हणायची सोय नव्हती. वस्तू आजारी पडायची. एकदा माझ्या तोंडून "मिक्सर बिघडला" असं निघून गेलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्या मिक्सरचीच माफी मागितली.

आणि त्यांचे हुकूम! एका दमात दोन, आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेले. "खिडकी उघड, पण वारं यायला न्हाई पाहिजे." "लवकर ये, पण घाई करू नगं." मी उघडू का नको अशा अवस्थेत खिडकीशी उभा राहिलो की म्हणायच्या, "काय पोरा, फिट आली का?" सुरुवातीला मी समजावून घ्यायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. आमच्या खर्ड्याकडं म्हणतात, ज्याला कळत नाही त्यानं मान हलवावी. मी मान हलवायला शिकलो.

त्यांची गाडी ही घरातली सगळ्यात मोठी पेशंट. पांढरी, जुनी, चौकोनी. कोणत्या कंपनीची ते सांगणं अवघड, कारण मागच्या नावातली निम्मी अक्षरं गळून पडली होती आणि उरलेल्यांचा काही अर्थ लागत नव्हता. मागच्या सीटवर कायम धुतलेली पांढरी चादर, कोपरे दवाखान्यातल्या पलंगासारखे घट्ट दुमडून खोचलेले. सीटखाली एक स्टीलचा ट्रे, कुणाला उलटी झालीच तर. दर रविवारी सकाळी त्या आमच्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या चार म्हाताऱ्या गोळा करून देवळात न्यायच्या. देऊळ म्हणजे चर्च. आमच्याकडचे जुने ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतात. त्या चौघी इस्त्रीच्या साड्या नेसून, उपासना-संगीताची पुस्तकं मांडीवर धरून मागं अशा खेटून बसायच्या की वळणावर एकच बाई हलल्यासारखी वाटे. त्यातल्या एकीला चालता येत नसे, एकीला ऐकू येत नसे, आणि उरलेल्या दोघी एकमेकींशी बोलत नसत. पण रविवार चुकवत नव्हत्या. कारण सिस्टर चुकवू देत नव्हत्या.

गाडी चालवताना सिस्टरांची हनुवटी स्टिअरिंगला टेकायची बाकी असे. वळायच्या आधी हॉर्न, वळताना हॉर्न, आणि वळून झालं की एक आभाराचा हॉर्न.

तर त्या वर्षी या गाडीनं धडका द्यायला सुरुवात केली. आधी आमच्याच फाटकाचा खांब गेला. सिस्टर उतरल्या, खांबाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ब्रेक लागलाच न्हाई. पाय ठेवला तर दगुड!" मग एका भाजीवाल्याची हातगाडी. टोमॅटो इतके पसरले की लोकांना आधी भलतीच शंका आली. तिथंही तेच, "ब्रेक दगुड झालाय." लोकांचा विश्वास बसला, आणि का बसू नये? मी स्वतः एकदा तो पेडल दाबून पाहिला होता. खरंच दगड होता. शिवाय गाडी उभी असली की तिचं इंजिन थंडी वाजल्यासारखं हुडहुडत असे, आणि स्टेशनाकडच्या सिग्नलला तर ती मेलीच मेली.

एका मेकॅनिकनं ब्रेकचे लायनर बदलले. काही फरक नाही. दुसरा म्हणाला, सिस्टर, भंगारात घाला. त्या दुसऱ्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही. पेशंटसमोर असं बोलतात का, एवढंच म्हणाल्या.

टोमॅटोची बातमी पुण्यापर्यंत गेली. भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथंच होतो, कारण तो फोन धरायला त्यांना कुणीतरी लागे. भाचा भला माणूस. आत्याच्याच हाताखाली वाढलेला, शिकून पुण्यात चांगल्या नोकरीवर.

"आत्या, पुरे आता. मी येतो आणि गाडी घेऊन जातो. इथं एकजण घ्यायला तयार आहे."

"का? मी आजारी हाय का?"

"गाडी आजारी आहे ना?"

"मग! आजारी माणसाला घराबाहेर काढत्यात का? तुला गोवर झाला तवा काढलं हुतं का मी?"

मग दोघांत तह ठरला. तो पुढच्या रविवारी येणार. तोवर ब्रेक नीट झाला, तर गाडी सिस्टरांची. नाही झाला, तर तो तिच्यासह पुण्याला. फोन ठेवल्यावर सिस्टर उठल्या आणि गाडीच्या टपावरची धूळ पदरानं पुसायला लागल्या. मला वाईट वाटलं. ती गाडी गेली तर त्यांच्या पायांखालचं काय जाणार होतं, एवढं मलाही कळत होतं. बाकीचं मात्र कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येतो तो बोनेट उघडलेलं, आणि सिस्टर गळ्यात स्टेथोस्कोप घालून इंजिनावर वाकलेल्या.

"आलास? आत बस. इंजिन चालू कर, पण किल्लीला हात लावू नगं."

"मग चालू कसं करू?"

"आधी पाय! इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, मग दाबूनच धरायचा, आन् मग किल्ली. पाय खाली जातो का बघ."

मी तसं केलं. इंजिन हुडहुडलं. पाय जिथं होता तिथंच.

"गेला का?"

"न्हाई."

"मग सोड."

सोडला.

"सोडलास कशाला? दाबून धर! सोड म्हंजी श्वास सोड, कसा ताठ बसलाय बघ."

असं बराच वेळ चाललं. दाबू की सोडू, श्वास की पाय, माझ्या डोक्याचा पार चुथडा झाला. मधूनच त्या स्टेथोस्कोपचं टोक इंजिनाच्या कडेकडेनं फिरवत होत्या आणि तोंडानं "बोल, बोल बाई" असं म्हणत होत्या. ते मला की इंजिनाला, कोण जाणे. मी दोनदा "काय बोलू?" असं विचारलंही. मग एकदम त्यांनी हात वर केला. इंजिन आणि ब्रेकचा तो मोठा गोल डबा यांच्यामध्ये बोटाएवढी जाड रबरी नळी होती. तिच्या वाकणाखाली त्यांनी नुसत्या स्पर्शानं काहीतरी शोधलं आणि त्यावर बोट दाबलं. त्याबरोबर इंजिनाचं हुडहुडणं थांबलं, आणि माझ्या पायाखालचा दगड मऊ होऊन खाली गेला.

"सिस्टर! गेला, गेला!"

"कोण गेला?" त्या दचकल्या.

"पाय!"

त्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं. इंजिन या नळीतनं सारखी हवा ओढत असतं. त्या ओढीचा जोर मिळतो म्हणून ब्रेक हलका लागतो. नळी पिकून तडकली की ओढ वाया जाते, भलतीकडूनच हवा आत शिरते, म्हणून इंजिन हुडहुडतं आणि ब्रेक दगड होतो. "एवढंच!" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं आता माझी पापी घेतात की काय. "एवढंच हुतं, पोरा. एक नळी. माझी काय चूक न्हाई."

ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी अर्थातच मान हलवली.

नळीच बदलायची, तर घरात नळ्यांना काय तोटा! त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि त्यातून एनिम्याची लाल रबरी नळी काढली. मी जरा बिचकलो. "उकळून ठेवलेली हाय," त्यांनी दिलासा दिला. जुनी नळी कापून काढली, ही बसवली, दोन्ही टोकांना पट्टी बांधली, अगदी चिकटपट्टीसकट. इंजिन चालू केलं आणि आमच्या डोळ्यांदेखत ती नळी चपटी होऊन बसली, कुणी दोन्ही गाल आत ओढून घ्यावेत तशी. हवा जाणार कुठून? ब्रेक परत दगड.

सिस्टर आधी रागानं बघत राहिल्या, मग कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "सक्शनला कुणी मऊ नळी लावतं का? जाड भिंतीची लागती, न्हाईतर आत बसती. अगं माझ्या बाई! शिकाऊ पोरीनं असं केलं असतं, तर तिला मी दिवसभर बेडपॅन घासायला लावलं असतं." आणि खरंच, त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःला शिक्षा म्हणून घरातली सगळी भांडी परत घासली. घासलेलीच. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "तुला शिक्षा न्हाई. तू जा." 

योग्य नळी श्रीरामपुरात मिळेना. इतक्या जुन्या गाडीचं कोण ठेवतं? नगरला केडगावात पुण्याच्या रस्त्यावर एक जुन्या सामानाचं दुकान आहे असं कळलं, आणि सुट्टी टाकून मला पाठवण्यात आलं. नमुना म्हणून तडकलेली नळी बरोबर दिली. कशी दिली? कापसात ठेवून, वर बँडेजची जाळी गुंडाळून, स्टीलच्या डब्यात. एसटीत शेजारच्या बाईला डब्यात खाऊ वाटला असावा. मी उघडून दाखवल्यावर ती उठून पुढच्या सीटवर गेली.

दुकानदारानं जाळी उलगडता उलगडता दोनदा माझ्याकडं बघितलं.

"काय हाय ह्यात? जित्तं हाय का मेलंय?"

"नळी. गाडीची."

"मग हिला पट्टी कशापायी केली?"

आता याला काय सांगणार? म्हटलं, "आमच्या सिस्टरांनी केली."

"तुमची भैन?"

"न्हाई, घरमालकीण."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. वेड्याशी बोलताना माणूस जसा गोड होतो तसा गोड झाला आणि आतून जाड भिंतीची नवी नळी आणि नळीत बसणारी एक छोटी प्लॅस्टिकची झडप काढून दिली. "ह्येच्यावर बाण हाय. बाण इंजिनाकडं. इसरू नका, उलटं बसलं तर ब्रेक लागायचा न्हाई." 

मी येताना सगळा रस्ता "बाण इंजिनाकडं, बाण इंजिनाकडं" असं घोकत आलो. राहुरी येईपर्यंत मला प्रश्न पडला की तो इंजिनाकडं म्हणाला की इंजिनाकडून? घरी पोचेपर्यंत दोन्ही सारखंच खरं वाटायला लागलं. सिस्टरांना तसं सांगितलं. त्यांनी झडप तोंडात धरली, एका बाजूनं फुंकली, मग दुसऱ्या बाजूनं. "ह्या बाजूनं जाती, त्या बाजूनं न्हाई. हवा इंजिनाकडं जायला पाहिजे, बस. काळजातबी अशाच झडपा असत्यात. गेलेलं माघारी येऊ द्यायचं न्हाई, एवढंच त्यांचं काम." नवी नळी त्या उकळायलाही निघाल्या होत्या. मी अक्षरशः आडवा पडलो, तेव्हा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसण्यावर भागलं.

शनिवारी दुपारी नळी बसली. मी आत बसलो, ब्रेक दाबून धरला, किल्ली फिरवली. पाय अलगद खाली गेला. इंजिन शहाण्या पोरासारखं एका सुरात चालत राहिलं. मला इतका आनंद झाला की मी उतरून उगाच गाडीला एक चक्कर मारली. सिस्टरांनी साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल. पेशंटला चालवून बघू."

आम्ही कॅनॉलच्या रस्त्यानं निघालो. उसाचे दिवस, रस्त्यावर पाचट पडलेलं, उन्हं कलायला लागलेली पण उजेड चांगला. सिस्टर मुद्दाम वेग घ्यायच्या आणि मुद्दाम ब्रेक लावायच्या. गाडी लोण्यात सुरी जावी तशी थांबायची. "बघ!" त्या म्हणत. "बघ, बघ! आता येऊ दे त्याला उद्या." भाच्याला काय काय ऐकवायचं याची त्यांची उजळणी चालली होती. मीही मध्ये मध्ये भर घालत होतो. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुलावरून उतरलो तेव्हाच मला पुढं उसाची ट्रॉली दिसली. पंक्चर झालेली, चाकामागं धोंडे लावून डाव्या अंगाला उभी केलेली, अर्धी रस्त्यावर. एवढी मोठी वस्तू, हत्ती परवडला. सिस्टर बोलत होत्या. मला वाटलं, आता वळतील. आता वळतील. मग उसाची वाढी, म्हणजे ते हिरवे शेंडे, काचेला लागतील इतकी ती जवळ आली आणि मी ओरडलो, "अवं सिस्टर, ट्राली! ट्राली हाय म्होरं!"

गाडी जागच्या जागी थांबली. बोनेट आणि उसाच्या मोळ्या यांच्यात टीचभर अंतर राहिलं. मी डोळे मिटले होते ते उघडले. "कसला लागला ब्रेक!" मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"तू वरडलास म्हणून लागला," सिस्टर म्हणाल्या.

त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. त्या ट्रॉलीकडं बघत होत्या.

"तुला ही कवा दिसली?"

"मघाशीच. पुलावरनं."

"पुलावरनं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. काढला. डावा झाकला. काढला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मला वाटलं, घाबरून त्यांचं काहीतरी बिनसलं. अशा रस्त्यात मध्येच उभं राहून हा काय खेळ? मागून एक टेम्पो हॉर्न देऊन गेला. "सिस्टर, बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"फाटकाचा खांब कुठला पडला, रे?"

"आपला? डावा."

"आन् हातगाडी?"

मला आठवावं लागलं नाही. गाडीचा डावा दिवा तेव्हापासून पट्टीनं बांधलेला होता. "डावीकडं," मी म्हणालो.

"ब्रेकला डावं-उजवं कुठं कळतं?" असं म्हणून त्यांनी परत डावा डोळा झाकला आणि तसाच झाकून ठेवला. "झाकला तरी तेवढंच दिसतंय, पोरा. फरकच पडत न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. डाव्या डोळ्यानं त्यांना दिसतच नव्हतं. केव्हापासून, ते त्यांनाही सांगता आलं नाही. एक डोळा दोघांचं काम करत असतो, दुसरा केव्हा निजला ते घरच्याला कळत नाही, असं काहीसं त्या पुटपुटल्या. जन्मभर लोकांच्या पापण्या ओढून बघणाऱ्या या बाईचा स्वतःचा डोळा बघायचा राहूनच गेला होता. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण आमच्यात नाडी त्या धरायच्या, मी नाही.

मला गाडी येत नव्हती. तेव्हा परत त्यांनीच आणली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मान पूर्ण डावीकडं वळवून. आणि मी डावीकडचं जे जे दिसेल ते ओरडत होतो: सायकल, शेळी, बाई, खड्डा, पुन्हा शेळी. घरी आल्यावर त्या थेट आत गेल्या. मला वाटलं, उद्या भाच्यापुढं काय बोलायचं ते ठरवायला गेल्या असतील. मी आपल्या खोलीत माझं ठरवत होतो. मी कुणाच्या बाजूनं बोलू, आणि मुळात बोलू का? ब्रेक नीट झाला तर गाडी राहणार असा तह होता, आणि ब्रेक तर नीट झाला होता. ट्रॉलीचं फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. माझं काही केल्या ठरेना.

रविवारी सकाळी चौघी म्हाताऱ्या नेहमीसारख्या दाराशी उभ्या. सिस्टर आल्या त्या कोपऱ्यावरून, दोन रिक्षा घेऊन. चौघींच्या तोंडावर असा गोंधळ मी कधी पाहिला नाही. जिला ऐकू येत नसे ती मोठ्यानं विचारायला लागली, "गाडी मेली का? गाडी मेली का?"

"बरी हाय," सिस्टर तिच्या कानात ओरडल्या. "बसा."

दुपारी भाचा आला. भांडायच्या तयारीनंच आला होता, ते त्याच्या पायऱ्या चढण्यावरून कळलं. सिस्टरांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. तो एक फेरी मारून आला तो वेगळाच माणूस होऊन. "आत्या, अगं काय केलंस तू हिला! ब्रेक तर माझ्या नव्या गाडीपेक्षा चांगला आहे. इंजिनचा आवाजसुद्धा येत नाही." मग जरा ओशाळून म्हणाला, "ठेव तू. माझं चुकलं. मी त्या माणसाला नाही म्हणून कळवतो."

मी सिस्टरांकडं बघितलं. आता गप्प राहिलं की झालं. गाडी त्यांची होती. मला त्या क्षणी काय व्हावंसं वाटत होतं ते आजही सांगता येत नाही. त्यांनी गप्प राहावं असंही वाटत होतं, आणि राहू नये असंही.

सिस्टरांनी गाडीला वळसा घातला. मग ड्युटी संपताना एक सिस्टर दुसरीला जसा चार्ज देते, तशा त्या भाच्याला सांगायला लागल्या. थंडीत लगेच पळवू नकोस, आधी पाच मिनिटं गरम होऊ दे. पाणी दर आठवड्याला बघ. ब्रेकवर जोरात पाय देऊ नकोस, आता नुसत्या अंगठ्यानं लागतो. चादर मी काढून घेतलीये, दुसरी घाल. भाचा आधी हो हो म्हणत होता, मग थांबला.

"आत्या, हे मला कशाला सांगतेस? मी नेत नाहीये ना. एवढी चांगली झाली, आता देतेस कशाला?"

"चांगली झाली म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या. "इतके दिस समदं हिच्या माथी मारत हुते. आता हिच्यात खोट उरली न्हाई."